कुशलसंवाद

कुशलसंवाद : माहिती देण्याघेण्यासाठी नव्हे, तर माणसामाणसांतला संपर्क जोडण्यासाठी, टिकवण्यासाठी किंवा न दुखावता आवरता घेण्यासाठी केलेले बोलणे. “काय, कसं काय?”, “झालं का जेवण?”, “चाललंय आपलं” ही त्याची रोजची रूपे. “कसं काय?” या प्रश्नाला रक्तातल्या साखरेचे आकडे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, पण प्रश्न चुकीचा ऐकत असतो.

या बोलण्याकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम वेधले ते मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्हस्की यांनी. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात क्षेत्रकार्य केले होते. 1923 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्यूनियन’ असे नाव दिले. अनोळखी माणसाचे गप्प राहणे भीतिदायक वाटते आणि चार निरर्थक शब्दांनीही ती भीती ओसरते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने 1960 साली छापलेल्या व्याख्यानात भाषेची सहा कार्ये मांडली. त्यांतले एक संपर्काचे. त्याचे नाव त्याने मॅलिनोव्हस्कींकडूनच घेतले. फोनवरचे “हॅलो, ऐकू येतंय का?” हे त्याचे चोख उदाहरण. बोलता येण्याआधीच बाळ संपर्क साधू पाहते, याकडेही याकबसनने लक्ष वेधले.

संपर्क आणि मजकूर यांच्यातली रेघ मराठी पत्रलेखनाने मात्र फार आधीच आखली होती. पेशवेकालीन पत्रांत “येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे” एवढे झाले की ‘विशेष’ हा शब्द येई आणि खरा मजकूर त्यानंतर सुरू होई. ‘सा. न. वि. वि.’ (साष्टांग नमस्कार विनंती विशेष) मधला शेवटचा ‘वि’ म्हणजे हाच ‘विशेष’. अलीकडच्या घरगुती पत्रांत ते काम “पत्र लिहिण्यास कारण की” या शब्दांनी केले. कुशल मागे, काम पुढे. तरीही कुशल गाळून थेट कामावर आलेले पत्र उद्धट वाटे. म्हणजे ज्या ओळी कोणी नीट वाचत नसे, त्यांच्या नसण्याची दखल मात्र ताबडतोब घेतली जाई.

अभिवादनांत संपर्काबरोबर ओळखही सांगितली जाते. ‘राम राम’, ‘जय भीम’, वारकऱ्यांचे ‘राम कृष्ण हरी’, कोल्हापूरकडचे “काय भावा?” : बोलणारा कोणत्या गोतावळ्यातला, हे पहिल्या शब्दातच कळते. निरोप घेताना “जातो” न म्हणता “येतो” म्हणायचे, कारण जाण्याला कायमच्या जाण्याचा वास येतो. निघालेल्या माणसाला “कुठे?” असे विचारू नये, हाही असाच जुना संकेत. ज्याला उत्तराची गरज नाही अशा प्रश्नातही शब्द कसे निवडावेत याचे नियम इतके काटेकोर आहेत, हे लक्षात घेण्याजोगे.

ऐकणाऱ्याकडेही यात काम असते. “हं”, “बरं”, “हो का?”, “मग?” या हुंकारांत माहिती शून्य, पण ते थांबले की बोलणारा अडखळतो. फोनवर दोन क्षण हुंकार आला नाही तर “आहेस ना?” असे विचारलेच जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या रोजच्या ‘सुप्रभात’ची बरीच थट्टा होते. त्यातली फुले आणि सुविचार खरोखरच कंटाळवाणे असतात, पण निवृत्त माणसाचा तो संदेश एक दिवस आला नाही की ओळखीचे लोक फोन करून चौकशी करतात.

संपर्क आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचा सर्वांत ठळक पुरावा अबोल्यात सापडतो. घरात अबोला धरलेली माणसे माहिती थांबवत नाहीत. “तुझ्या बाबांना सांग, पान वाढलंय,” हा निरोप, बाबा दोन हातांवर बसलेले असतानाही, मुलामार्फत जातो. उत्तरही त्याच वाटेने येते : “आईला सांग, भूक नाही.” निरोप बिनचूक पोहोचतो, बंद असते ते फक्त एकमेकांना उद्देशून बोलणे. असा अबोला सोडायला संक्रांत बरी पडते. तिळगुळाबरोबर काय म्हणायचे ते ठरलेलेच असल्याने पहिले वाक्य कोणाला शोधावे लागत नाही.