चॅट अपडेट झालं आणि फीचर गेलं, पण हे सुरू कधी झालं?

ऑफिसच्या चॅटचं नवं व्हर्जन आलं की पहिला दिवस ठरलेला असतो. अरे ते स्टेटस कुठे गेलं, दोन चॅट शेजारी शेजारी का उघडत नाहीयेत, सर्चमध्ये काहीच येत नाही, आणि आयटीवाले सांगतात "रोडमॅपवर आहे". मग कोणीतरी म्हणतं की हल्लीचे डेव्हलपरच आळशी झालेत. मला ते पटत नाही. सॉफ्टवेअर बनवणारे आधीही असेच होते, बदललं ते एवढंच की पूर्वी नवं व्हर्जन घ्यायचं की नाही हे आपल्या हातात होतं, आता नाही. आणि हा बदल साधारण २०१३ ते २०१८ या पाच वर्षांत झाला.

सुरुवात आयआरसीपासून करू, म्हणजे इंटरनेट रिले चॅट, इंटरनेटवर गटात बोलायची जुनी पद्धत. ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ते लिहिलं, आणि १९९३ मध्ये त्याचे नियम आरएफसी १४५९ या इंटरनेटच्या जाहीर दस्तऐवजात छापून मोकळे झाले. नियम सगळ्यांना माहीत म्हणजे क्लायंट, म्हणजे आपल्या मशीनवरचं चॅटचं ॲप, कोणीही लिहावा, त्यामुळे विंडोजवाले एमआयआरसी वापरायचे, टर्मिनलवाले इर्सी, कोणी आणखी काही. सर्व्हर अपग्रेड झाला तरी तुमची खिडकी, तुमचे शॉर्टकट, तुमच्या स्क्रिप्ट जागच्या जागी. फार गोड आठवणी काढायची गरज नाही, आयआरसीत तुम्ही ऑफलाइन असताना झालेलं बोलणं तुम्हाला दिसायचंच नाही, त्यासाठी लोक वेगळा बाउन्सर चालवायचे, म्हणजे कायम लॉग-इन राहून सगळं साठवून ठेवणारा एक प्रोग्रॅम. नवख्या माणसाला हे सगळं समजावताना नाकी नऊ यायचे.

मग १९९६ मध्ये आयसीक्यू आलं, १९९७ मध्ये एओएलचं एआयएम. ही बंद दुकानं, नियम कंपनीकडेच, पण लोकांनी त्यातही खिडकी शोधली. गेम (Gaim) नावाचा क्लायंट, जो पुढे २००७ मध्ये पिजिन झाला, एकाच यादीत चार-पाच सेवांचे मित्र दाखवायचा. पिजिनमधल्या दोन गोष्टी आजही लोक आठवतात. एक म्हणजे बडी पाउन्स, अमका माणूस ऑनलाइन आला किंवा त्याचं 'अवे' संपलं की मला आवाज दे, हवं तर त्याला मेसेज आपोआप जाऊ दे. दुसरी म्हणजे लॉग. प्रत्येक माणसाचं फोल्डर, त्यात तारखेवार साध्या फाइली, तुमच्याच डिस्कवर. तीन वर्षांपूर्वी कोणी कुठला सर्व्हर पोर्ट सांगितला होता ते फाइलींमध्ये शोधलं की मिळायचं, कुठल्या प्लॅनमध्ये किती दिवसांची हिस्ट्री मिळते हा प्रश्नच नव्हता.

कंपन्यांसाठीची सॉफ्टवेअर याच काळातली. लोटसचं सेमटाइम १९९८ चं, जॅबर १९९९ मध्ये आलं आणि त्याचंच पुढे एक्सएमपीपी हे चॅटचं खुलं मानक झालं, मायक्रोसॉफ्टचा लाइव्ह कम्युनिकेशन्स सर्व्हर २००३ चा. नंतर नावं बदलत गेली, कम्युनिकेटर, २०१० मध्ये लिंक (Lync), २०१५ मध्ये स्काइप फॉर बिझनेस. पण बहुतेक ठिकाणी एक गोष्ट कायम होती, सर्व्हर कंपनीच्या स्वतःच्या खोलीत बसलेला असायचा. नवं व्हर्जन आलं तरी ॲडमिन म्हणायचा, थांबा, अजून दोन वर्षं जुनंच चालू दे. याचा लोकांना तेव्हा रागच यायचा! नवीन काही मिळायचंच नाही लवकर. पण जे होतं ते एका रात्रीत जायचंही नाही.

वळण गूगलपाशी दिसतं. गूगल टॉक २००५ मध्ये एक्सएमपीपीवर उभं राहिलं, दुसऱ्या सर्व्हरवरच्या लोकांशीही त्यातून बोलता यायचं, पिजिनमधूनही चालायचं. मे २०१३ मध्ये हँगआउट्स आलं आणि बाहेरच्या सर्व्हरशी बोलणं त्यात नव्हतं, आणि 'बिझी' आणि 'इनव्हिजिबल' ही दोन स्टेटसही नव्हती. इनव्हिजिबल ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण शांतपणे काम करायचं असलेला माणूस दिवसभर त्याच्याच आडोशाला बसायचा, लॉग-इन आहे, मेसेज दिसतायत, पण हिरवा ठिपका नाही. ते गेल्यावर दोनच मार्ग उरले, एकतर सगळ्यांना दिसा नाहीतर साइन-आउट करा.

त्याच सुमारास स्लॅक आलं. ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम बनवणाऱ्या टायनी स्पेक कंपनीने स्वतःच्या टीमसाठी आयआरसीभोवती जी अवजारं जमवली होती त्यातून ते निघालं, २०१२ च्या शेवटी गेम बंद पडला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये स्लॅक सगळ्यांसाठी खुलं झालं. लोक तिकडे धावले यात नवल नाही, फोनवर आणि लॅपटॉपवर तीच हिस्ट्री, चांगला सर्च, फाइल टाका की दिसते. आयआरसीवाल्या जुन्या लोकांनाही ओढून घेतलं, कारण स्लॅकला आयआरसी आणि एक्सएमपीपीचं गेटवे होतं, म्हणजे आपला आवडता क्लायंट न सोडता कंपनीच्या स्लॅकमध्ये बोलता यायचं. मग १५ मे २०१८ ला ते गेटवे बंद. कारण दिलं की थ्रेड (एका मेसेजखालची उत्तरांची वेगळी साखळी), इमोजी रिॲक्शन, शेअर्ड चॅनल या नव्या गोष्टी गेटवेला झेपत नाहीत. कारण खोटं नव्हतं. पण गेटवे वापरणाऱ्यांमध्ये स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, काम करणारे काही दृष्टिहीन लोकही होते, त्यांना साधा मजकूर देणारा टर्मिनल क्लायंट अधिकृत ॲपपेक्षा कितीतरी सोपा जायचा, आणि त्यांच्यासाठी ही जुन्या सवयींची हौस नव्हती.

आता सर्व्हर चॅट बनवणाऱ्या कंपनीचा, क्लायंटही तिचाच, आणि क्लायंट म्हणजे खरं तर ब्राउझरमधलंच एक पान. पान बदललं की सगळ्यांचं बदलतं. याचा पहिला मोठा झटका नोव्हेंबर २०१९ चा. तोपर्यंत स्लॅकमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा टाइप केला की पाठवल्यावर तो ठळक व्हायचा, बॅकटिक (` हे चिन्ह) टाकले की कोड. टाइप करताना चिन्हं चिन्हंच राहायची. नवा एडिटर टाइप करतानाच रूपांतर करायला लागला. म्हणजे तुम्ही वाक्याच्या मध्ये कमांडचं नाव बॅकटिकमध्ये लिहिलं, पुढे साधं लिहायचंय, पण कर्सर कोडच्या डब्यातून बाहेर येईना, मागे जाऊन एक बॅकटिक खोडावा तर खोडायला तो आता तिथे नाहीच. दिवसभर कोड पेस्ट करणाऱ्यांची बोटं ज्या क्रमाने चालायची तो क्रमच बिघडला. इतका आरडाओरडा झाला की डिसेंबरमध्ये सेटिंग्जमध्ये जुन्या पद्धतीने लिहायचा पर्याय द्यावा लागला. असं क्वचितच होतं, आणि झालं कारण ओरडणारे स्वतः प्रोग्रॅमर होते, बाकी खात्यांमधल्या लोकांचं फीचर गेलं तर एवढा आवाज होत नाही हे माझं मत.

बाकीच्या ठिकाणी फीचर मुद्दाम काढत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून लिहिताना ती मागे राहतात. जुन्या प्रॉडक्टमध्ये पंधरा वर्षं साचलेल्या बारीकसारीक सोयी असतात, नवी टीम आधी मुख्य गोष्टी बांधते, आणि उरलेल्यांचा नंबर किती लोक वापरतात यावर लागतो. म्हणून जी सोय थोड्याच लोकांना लागते पण त्यांना रोज लागते, ती कायम रांगेच्या शेवटी. स्काइपचं जुनं सातवं व्हर्जन सप्टेंबर २०१८ मध्ये बंद करायचं ठरलं होतं, तक्रारींमुळे पुढे ढकललं, आणि वेगवेगळ्या चॅटच्या वेगळ्या खिडक्या नव्या व्हर्जनमध्ये स्प्लिट व्ह्यू म्हणून त्याच नोव्हेंबरात आल्या. मायक्रोसॉफ्टच्या टीम्सचंही तेच. २०१७ मध्ये आलं, स्काइप फॉर बिझनेसची जागा घेणार हे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर झालं, पण चॅट वेगळ्या खिडकीत काढायची सोय २०२० मध्ये मिळाली. कम्युनिकेटरमध्ये ती पहिल्यापासून होती, तिथे प्रत्येक चॅट ही वेगळीच खिडकी होती!

गूगल चॅटने २०२३ मध्ये वेगळंच केलं. तिथल्या काही स्पेस, म्हणजे गटाच्या चॅटच्या खोल्या, विषयवार होत्या, प्रत्येक विषयाचं बोलणं एकत्र, नवं उत्तर आलं की तो विषय खाली येणार. त्या सगळ्या एकसलग चॅट आणि बाजूला थ्रेड अशा पद्धतीत बदलल्या गेल्या. ज्या टीमने आपलं काम विषयांवर रचलं होतं त्यांना विचारायचा प्रश्नच आला नाही.

आणि टीम्सचं अलीकडचं पुनर्लेखन. मार्च २०२३ मध्ये प्रिव्ह्यू आला, दुप्पट वेग आणि निम्मी मेमरी असा दावा, जुन्या टीम्सला उघडायला लागणारा वेळ आठवला तर त्याची गरज होतीच. पण त्या प्रिव्ह्यूमध्ये ब्रेकआउट रूम (मीटिंगमधले छोटे गट) नव्हत्या, बाहेरच्या कंपन्यांची ॲप्स नव्हती, चालू चॅटच्या आत शोधायची सोय नव्हती. यातलं बरंचसं नंतर आलं. तोवर वर कोपऱ्यात एक स्विच होता, तो परत फिरवला की जुनं टीम्स. आधी स्विच ऐच्छिक, मग नवंच डीफॉल्ट, मग १ जुलै २०२४ ला जुन्याचा सपोर्ट संपला आणि १ जुलै २०२५ नंतर ते उघडायचंच बंद झालं, कंपनीच्या ॲडमिनने थांबा म्हटलं तरी.