नट सुटला, बोल्ट अडला

दिवाळीच्या आधी जालन्यातल्या एका गॅरेजात माझी जुनी जीप दोन दिवस अडकून पडली. पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश गेले होते, खड्ड्यात चाक गेलं की खालून ‘खट्ट’ वाजायचं. मिस्त्रींनी नट पाच मिनिटांत काढून हातात दिला. मग बोल्टच्या डोक्याला पान्हा लावला. बोल्ट थोडा फिरला, पान्हा सोडल्यावर स्प्रिंगसारखा परत जागेवर आला. चार वेळा तेच.

‘‘साहेब, ह्यो बोल्ट नळीला धरून बसलाय. फिरतंय ते रबर.’’

बुशची रचनाच तशी असते. आत एक पोलादी नळी, बाहेर दुसरी, आणि दोघींना घट्ट चिकटलेलं मधलं रबर. बोल्ट आतल्या नळीतून आरपार जातो. बोल्ट आणि या नळीमधली फट इतकी बारीक की पाणी केशाकर्षणानं आत ओढलं जातं, पण वाळायला वाव मिळत नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. फट तर तेवढीच. म्हणजे बोल्टला गंज चिकटवून ठेवत नाही, चारी बाजूंनी पाचर मारून बसतो.

आता कुणी म्हणेल, मराठवाड्यात पाऊसच किती, की लोखंड गंजावं? पण आपली काळी माती विसरू नका. तिच्यातली माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सहजासहजी सोडत नाही. लोअर आर्मवर थापलेला चिखल वरून वाळलेला दिसतो, आत ओल तशीच असते. त्या लेपाखाली प्राणवायू कमी आणि बाहेर जास्त, या फरकामुळे एक छोटी बॅटरीच तयार होते. कमी प्राणवायूच्या बाजूचं लोखंड झिजतं. माझ्या जीपमधून खताची पोतीही यायची. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, शेवटी मीठच. ओलीत मीठ मिसळलं की वीज सहज वाहते आणि गंज जोर धरतो.

यावर आपला पहिला उपाय म्हणजे पान्ह्याला लांब पाइप लावणं. मला तो अजिबात आवडत नाही. ३० सेंटिमीटरच्या पान्ह्यावर ४० किलोचा जोर दिला तर साधारण १२० न्यूटन-मीटर पीळ बसतो. पाइप लावून लांबी १२० सेंटिमीटर केली की ४८०. बारा मिलीमीटरचा ८.८ ग्रेडचा मजबूत बोल्टही त्याच्या निम्म्यात तुटतो. शिवाय गाडी जॅकवर असताना असा हिसका देणं म्हणजे जिवाशी खेळ. खाली स्टँड हवेतच.

मिस्त्रींनी पाइपला हात लावला नाही. तारेच्या ब्रशनं माती झाडली, फटीच्या तोंडाशी पातळ तेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. पाणी ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं तेल आत जातं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी हातोडीचे ठोके. गंज ठिसूळ असतो, हादऱ्यानं त्याला तडे जातात आणि तेलाला नव्या वाटा मिळतात. आटे जाम असतील तर नट आधी किंचित आवळायचा आणि मग सोडायचा, तेही याच कारणानं.

नटच जाम असता तर उष्णता कामी आली असती. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलंय? गोवऱ्यांच्या आरात लोखंडी धाव तापवतात, फुगल्यावर लाकडी चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. साडेचार मीटर घेराची धाव ४०० अंशांनी तापली की दोन सेंटिमीटरहून जास्त वाढते. निवली की आवळते. नटाचं भोक त्याच हिशेबानं ३०० अंशांना जेमतेम ०.०४ मिलीमीटर वाढतं, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुष्कळदा पुरतं. अट एकच, नट झटकन तापला पाहिजे. बोल्टही सोबत तापला तर दोघं मिळून फुगतात आणि फायदा संपतो. लालभडक तापलेला बोल्ट मात्र परत वापरू नये, त्याला दिलेलं पाणी, म्हणजे पोलादाचा कणखरपणा, उतरतं. शॉकअपजवळ आणि ब्रेकच्या होजजवळ तर ज्योत नेऊच नये.

आमच्या बोल्टभोवती रबर होतं. ज्योत लावली असती तर गॅरेजभर काळा धूर झाला असता. तेल आणि हातोडी हरल्यावर मिस्त्रींनी बुशच्या दोन्ही कडांना करवतीचं पातं घालून बोल्टच कापला. बुश तसेही बदलायचेच होते.

नवा बोल्ट घालताना त्यांनी नळीत जाणाऱ्या गुळगुळीत भागाला ग्रीस चोपडलं, आटे कोरडे ठेवले. आट्यांना ग्रीस लागलं की घर्षण घटतं आणि तेवढ्याच पिळात बोल्ट जास्त ताणला जातो. नट हातानं बसवून जीप जॅकवरून खाली घेतली. चारी चाकांवर भार आल्यावर मिस्त्री पुन्हा खाली सरकले आणि तेव्हा कुठे त्यांनी नट पक्का आवळला. चाक लोंबकळत असताना आवळला असता, तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसला असता आणि तो कायमचा राहिला असता.