प्राणिज चरबी : ‘संपृक्त’ या शब्दाने केलेला घोळ

प्राणिज चरबीची पहिली स्पर्धा आरोग्याशी नव्हती, किमतीशी होती. 1869 मध्ये फ्रान्समध्ये लोण्याला स्वस्त पर्याय म्हणून निघालेले मार्गारिनही मूळचे गाईच्या चरबीचेच. 1902 मध्ये तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याचे पेटंट निघाले. 1911 पासून अमेरिकेत सरकीच्या तेलाचे पांढरेशुभ्र घट्ट रूप डब्यांतून विकले जाऊ लागले आणि डुकराची चरबी मागे पडत गेली.

आरोग्याचा मुद्दा पुढे जोर धरू लागला. 1961 मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी संपृक्त मेदाऐवजी (ज्याच्या रेणूत हायड्रोजन पूर्ण भरलेला असतो असा मेद) तेले वापरण्याचा सल्ला दिला आणि 1980 च्या सरकारी आहारसूचनांत ‘जास्त संपृक्त मेद टाळा’ हे वाक्य पक्के झाले. घोळ झाला तो इथेच. सल्ल्यात शब्द होता ‘संपृक्त’. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्याचा अर्थ ‘प्राणिज’ झाला.

कोणतीही चरबी एकाच प्रकारच्या मेदाम्लांची, म्हणजे मेदाच्या घटकांची, नसते. डुकराच्या 100 ग्रॅम चरबीत संपृक्त भाग साधारण 40 ग्रॅम. त्याहून जास्त, 45 ग्रॅमच्या आसपास, एकअसंपृक्त (एकाच ठिकाणी हायड्रोजन कमी असलेला) असतो आणि त्यातले मुख्य मेदाम्ल ऑलिव्ह तेलातलेच. गाईच्या चरबीत संपृक्त भाग जवळपास निम्मा. वनस्पतिजन्य खोबरेल तेलात मात्र तो 80 टक्क्यांच्या वर. शिवाय डुक्कर जे तेलकट खाद्य खाते त्याचा मेद थेट त्याच्या अंगात उतरतो, म्हणून मका-सोयाबीनवर वाढलेल्या डुकराची चरबी मऊ. गाईच्या पोटातले जिवाणू मात्र खाद्यातल्या मेदाला हायड्रोजन जोडतात, म्हणून तिची चरबी घट्ट. एवढा फरक असताना सगळ्यांना एकाच रांगेत उभे करणे चूकच होते.

त्या चुकीची किंमतही मोजावी लागली. 1990 च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या उपाहारगृहांनी तळणीसाठी गाईची चरबी सोडून अंशतः हायड्रोजनयुक्त तेल घेतले. 1990 मध्येच नेदरलँड्समधल्या एका चाचणीत दिसले की अशा तेलातले ट्रान्स फॅट (तेलाला अर्धवट हायड्रोजन जोडताना तयार होणारा मेद) वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले घटवते. डेन्मार्कने 2003 मध्ये ट्रान्स फॅटवर 100 ग्रॅम मेदात 2 ग्रॅमची मर्यादा घातली. अमेरिकेत 2015 मध्ये अशा तेलांची ‘सुरक्षित’ ही मान्यता गेली.

त्यानंतर काहींनी चरबीला डोक्यावर घेतले, तेही बरोबर नाही. ट्रान्स फॅट दोषी ठरले म्हणून चरबी निर्दोष ठरत नाही. तिच्या जागी बहुअसंपृक्त (अनेक ठिकाणी हायड्रोजन कमी असलेले) तेल आले तर हृदयविकाराचा धोका घटतो. मैदा-साखर आली तर तसा फायदा दिसत नाही.

मधल्या काळात चरबी कढवण्याचे कसबही हातातून गेले. एक सेंटीमीटरचे तुकडे, तळाला थोडे पाणी आणि मंद आच. पाणी असेपर्यंत तळ करपत नाही, पण ते पूर्ण आटलेच पाहिजे. बुडबुडे मंदावून तुकडे तांबूस झाले की लगेच गाळायचे. आच वाढली तर चरबी पिवळट पडते आणि मांसाचा उग्र वास धरते. पाणी राहिले तर लवकर खवट होते.