रात्री दोनचा अटॅक आणि मिनिटाला बारा लिटर ऑक्सिजन

डोके एका बाजूने दुखते म्हटले की आपल्याकडे निदान तयार असते: अर्धशिशी. त्याच बाजूचे नाक चोंदले आणि डोळ्यातून पाणी आले, तर सायनस. कळ वरच्या जबड्यात उतरली, तर दाढ. क्लस्टर डोकेदुखीचे रुग्ण या तिन्ही दारांतून जाऊन येतात. वाफारे घेऊन होतात, अँटिबायोटिकचे कोर्स होतात, चांगली दाढसुद्धा काढून होते आणि दुखणे तिथेच राहते. आजाराचे खरे नाव कळेपर्यंत अनेकांची वर्षे जातात.

खरे तर फरक ओळखायला सोपा आहे. अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो, कारण हललं की दुखणं वाढतं. क्लस्टरच्या रुग्णाला पडून राहणेच अशक्य होते. तो खोलीत येरझारा घालतो, पलंगाच्या कडेवर बसून पुढेमागे झुलतो, डोळ्यावर मूठ दाबून धरतो, कधी कपाळ भिंतीवर आपटतो. दुखणाऱ्या बाजूचा डोळा लाल होऊन गळतो, पापणी खाली उतरते, बाहुली बारीक होते, त्याच बाजूच्या नाकपुडीतून पाणी येते. अटॅक १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत चालतो आणि दिवसाआड एकापासून दिवसाला आठपर्यंत येऊ शकतो. असे काही आठवडे चालते, मग सगळे थांबते आणि माणूस कित्येक महिने ठणठणीत असतो. अटॅक असे झुबक्याने येतात, म्हणून नाव क्लस्टर. काही थोड्या रुग्णांत मात्र हा हंगाम संपतच नाही. वर्षभरात सलग तीन महिन्यांचीही सुटका मिळाली नाही, तर त्याला क्रॉनिक म्हणतात. हजारात साधारण एकाला हा आजार होतो, म्हणजे तो अगदी विरळाही नाही.

अटॅक बहुधा झोप लागल्यावर तास-दोन तासांनी, रोज ठरावीक वेळी येतो. घड्याळात दोन वाजले की माणूस ओरडत उठतो, डोके आपटतो, पाऊण तासाने शांत होतो आणि दिवसभर नीट असतो. हे पाहून घरच्यांना बाधेची शंका येते, कुणीतरी देवऋषाचा पत्ता देतो. या वेळेच्या शिस्तीचे कारण मेंदूत सापडलेले आहे. शरीराचे घड्याळ चालवणारा भाग म्हणजे हायपोथॅलॅमस. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अटॅक चालू असताना रुग्णांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले. तेव्हा दुखणाऱ्याच बाजूला, हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात काम वाढलेले दिसले. उताऱ्याच्या लिंबाचा तिथे काही उपयोग नाही. उलट अशा रुग्णाला मारहाण झाली किंवा धुरी दिली गेली, तर तो छळ आहे.

या अटॅकवरचा एक मोठा उपाय म्हणजे मास्कमधून घेतलेला शुद्ध ऑक्सिजन. आता डोळा का गळतो ते पाहू, कारण ऑक्सिजनची गंमत तिथेच दडली आहे. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल ही मेंदूला जोडलेल्या चेतांपैकी (नर्व्ह) पाचवी. तिची वरची शाखा डोळा, कपाळ आणि मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांची खबर देते. ही खबर मेंदूच्या खोडात पोचली की तिथून दुसरी एक साखळी उलट दिशेने सुरू होते. खोडातल्या एका केंद्रातून संदेश सातव्या चेतेच्या वाटेने निघतात आणि नाकाच्या मागे खोल बसलेल्या स्फेनोपॅलाटाइन गँग्लियन या चेतागाठीपर्यंत येतात. तिथून ते अश्रुग्रंथी, नाकाचे अस्तर आणि मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या गाठतात. डोळा गळू लागतो, नाक चोंदते, रक्तवाहिन्या फुगतात. फुगलेल्या वाहिन्यांभोवती सीजीआरपीसारखी रसायने सुटतात, ट्रायजेमिनलची टोके आणखी चिडतात आणि आणखी खबर वर जाते. वेदना आणि पाणी असे एकमेकांना पेटवत राहतात. डोळ्यात कचरा गेल्यावर पाणी येते तीच ही प्रतिक्षिप्त क्रिया, फक्त इथे कचरा नसतो आणि बटण आतूनच दाबले जाते.

या चक्रात ऑक्सिजन नेमका कुठे बोट घालतो? २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की मेंदूच्या आवरणातली ट्रायजेमिनलची टोके थेट चेतवली, तर ऑक्सिजनने फरक पडत नाही. पण उलट येणारी साखळी चेतवली, तर ऑक्सिजन ती दाबतो. याचा अर्थ ऑक्सिजन हा वेदनाशामक नव्हे, तो हे चक्र मधेच तोडतो. म्हणूनच साध्या डोकेदुखीत त्याचा असा गुण येत नाही आणि इथे पंधरा मिनिटांत येतो. रक्तवाहिन्या आकसण्याचाही यात वाटा असावा.

पुरावा भक्कम आहे. मेयो क्लिनिकचे बेयर्ड हॉर्टन यांनी १९३९ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले आणि पुढे ऑक्सिजनही वापरून पाहिला. १९८१ मध्ये ली कुड्रो यांनी मिनिटाला ७ लिटरचे निष्कर्ष मांडले. २००९ मध्ये लंडनमधल्या चाचणीत अर्ध्या अटॅकना मिनिटाला १२ लिटर शुद्ध ऑक्सिजन दिला, अर्ध्यांना त्याच सिलिंडरसारख्या दिसणाऱ्या सिलिंडरमधून साधी हवा. पंधरा मिनिटांनी ऑक्सिजन घेतलेल्या ७८ टक्के अटॅकमध्ये वेदना गेली किंवा पुरेशी उतरली, हवेने २० टक्क्यांत.

तरीही कितीतरी रुग्ण सांगतात, 'ऑक्सिजन घेऊन पाहिला, काही झालं नाही.' बहुतेक वेळा चूक ऑक्सिजनची नसते, प्रवाहाची आणि मास्कची असते. त्याचे गणित सरळ आहे.

मिनिटाला १२ लिटर म्हणजे सेकंदाला २०० मिलिलिटर. नॉन-रिब्रीदर मास्कला, म्हणजे सोडलेला श्वास परत पिशवीत न जाऊ देणाऱ्या मास्कला, खाली एक पिशवी असते. तुम्ही तीन सेकंद श्वास सोडता, तेवढ्यात पिशवीत ६०० मिलिलिटर जमतात. पुढच्या दीड सेकंदात श्वास आत घेता, तेव्हा आणखी ३०० येतात. म्हणजे ९०० मिलिलिटरचा खोल श्वास पूर्ण ऑक्सिजनवर निघतो. आता हाच हिशोब मिनिटाला ५ लिटरवर करा. साडेचार सेकंदांत जेमतेम ३७५ मिलिलिटर येतात, बाकीचा श्वास फटींतून खोलीतल्या हवेने भरतो. नाकात दोन नळ्या घालून २ लिटर सोडले, तर आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन २८ टक्क्यांच्या आसपासच असतो. तेवढ्याने हे चक्र तुटत नाही.

कोविडच्या लाटेनंतर पुण्या-मुंबईत अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहेत. त्यातले बहुतेक ५ लिटरचे. ते या कामाचे नाहीत. प्रवाह अपुरा आणि शुद्धताही ९० ते ९६ टक्के. इथे सिलिंडरच लागतो. न्यूरॉलॉजिस्टकडून चिठ्ठी घ्यावी आणि तिच्यावर तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: शुद्ध ऑक्सिजन, मिनिटाला १२ ते १५ लिटर, नॉन-रिब्रीदर मास्क. नुसते 'ऑक्सिजन' लिहिले, तर पुरवठादार नाकातली नळी देऊन मोकळा होतो. धूम्रपानामुळे फुप्फुसे खराब झालेली असतील, सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार असेल, तर जास्त ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. क्लस्टरच्या रुग्णांत धूम्रपान करणारे पुष्कळ असतात, म्हणून हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे.

बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला १५ लिटरने पंधरा मिनिटांचा एक अटॅक २२५ लिटर खातो, म्हणजे एका सिलिंडरमध्ये सहा अटॅक. रोज तीन अटॅक येत असतील, तर दोन दिवसांत तो संपला. अशा हंगामात ७००० लिटरचा डी-टाइप, म्हणजे जम्बो, घरात ठेवावा आणि बी-टाइप जवळपास हलवायला. प्रवाह मोजणारा फ्लोमीटर १५ लिटरपर्यंतचा आहे ना, ते घेतानाच पाहावे. त्याच्यासोबत येणारी पाण्याची बाटली एवढ्या प्रवाहाला खळखळते, नळीत पाणी उडवते आणि तिच्या झाकणातून वायू गळतो. पंधरा मिनिटांसाठी ओलाव्याची गरज नसते, पुरवठादाराकडून बाटलीशिवायची जोडणी मागून घ्यावी.

अटॅकची पहिली चाहूल लागताच, कळ टिपेला जायच्या आत, सुरुवात करायची. आधी प्रवाह सुरू करून मास्कच्या आतल्या झडपेवर अंगठा धरायचा, पिशवी टम्म फुगू द्यायची, मग मास्क नाकातोंडावर घट्ट दाबायचा. किंचित पुढे झुकून बसायचे. श्वास पूर्ण सोडायचा, मग खोल घ्यायचा. पिशवी प्रत्येक श्वासाला पूर्ण चपटी होत असेल, तर प्रवाह वाढवायचा. ती हलतच नसेल, तर मास्क कुठून तरी हवा ओढतोय. नाकाच्या दांड्यापाशी आणि दाढीपाशी पाहा. मास्क हाताने धरावा, पट्ट्याने बांधू नये. झोप लागली किंवा सिलिंडर संपला, तर तो आपोआप खाली पडतो. दुखणे थांबले तरी आणखी पाचेक मिनिटे घेत राहावे, लवकर थांबवले तर कळ परतते असा रुग्णांचा अनुभव आहे.

आगीबद्दल एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगायला हवी. डोके दुखले की आपला हात बामच्या डबीकडे जातो. तेलकट बाम, व्हॅसलिन, खोबरेल तेल हे शुद्ध ऑक्सिजनजवळ सहज पेट घेते. मास्क लावण्याआधी चेहरा आणि हात कोरडे हवेत आणि सिलिंडरच्या झडपेला तेलाचे बोट लागता कामा नये. त्या खोलीत देवाचा दिवा, उदबत्ती, सिगारेट काही नको. सिलिंडर उभा, साखळीने भिंतीला बांधलेला असावा.

हे सगळे बारकावे सिलिंडर देणारा सहसा सांगत नाही. ते पसरले रुग्णांकडून रुग्णांकडे. ब्रिटनमधली 'आउच' आणि अमेरिकेत २००२ मध्ये स्थापन झालेली 'क्लस्टरबस्टर्स' या रुग्णांच्याच संघटना आहेत. पिशवी फुगवायची कशी, डॉक्टरांच्या चिठ्ठीत काय असावे, रात्री जोडीदाराने काय करावे, हे त्यांनी एकमेकांना शिकवले. जोडीदाराने करायचे ते थोडे आहे आणि अवघड आहे. बोलायचे नाही, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, सिलिंडर उघडून द्यायचा आणि घड्याळ पाहून वहीत लिहायचे: किती वाजता सुरू झाले, कोणती बाजू, ऑक्सिजन कधी लावला, कळ कधी उतरली. दोन आठवड्यांची अशी वही पाहून न्यूरॉलॉजिस्टला निदान आणि डोस दोन्ही ठरवता येतात. आपल्या आजाराला नाव आहे आणि तो आणखी कुणाला आहे, हे कळण्यानेही माणूस तगतो. या वेदनेत जीव द्यावासा वाटणे दुर्मीळ नाही. तसे बोलणे कानावर आले, तर सोबत कुणीतरी थांबावे आणि डॉक्टरांना लगेच सांगावे. मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलिमानस फोनसेवा १४४१६ वर अहोरात्र चालू असते.

पर्यायी उपायांबद्दल बोलताना एक अडचण कायम असते. हा हंगाम आपणहून संपतो. सातव्या आठवड्यात घेतलेला काढा, नस्य किंवा साखरगोळ्या आठव्या आठवड्यात आलेल्या सुटकेचे श्रेय घेऊन जातात. म्हणून 'मला गुण आला' एवढ्यावर विसंबता येत नाही, तुलनेसाठी दुसरा गट लागतो. मेलाटोनिन या झोपेची वेळ सांभाळणाऱ्या संप्रेरकाची तशी एक छोटी चाचणी १९९६ मध्ये इटलीत झाली. संध्याकाळी १० मिलिग्रॅम घेतलेल्या दहांपैकी पाच जणांना गुण आला, औषध नसलेली बनावट गोळी घेतलेल्या दहांत कुणालाच नाही. शरीराच्या घड्याळाशी असलेले नाते पाहता हे पटण्यासारखे आहे, पण वीस माणसे म्हणजे फार थोडी.

डी जीवनसत्त्वाचा उपाय रुग्णांमध्ये फार चालतो, त्यात रोज १०,००० युनिट घेतात. इथे आपल्याकडे मोठा घोटाळा होऊ शकतो, कारण आपल्या दुकानांत मिळणारे सॅशे ६०,००० युनिटचे असते आणि ते आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. ते रोज घेतले, तर रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत मजल जाते. रक्ताची पातळी तपासल्याशिवाय हा प्रयोग करू नये. त्यातही या आजाराचे मुख्य प्रतिबंधक औषध वेरापामिल आहे आणि ते कॅल्शियमचीच वाट अडवून काम करते. कॅल्शियम वाढले की त्याचा परिणाम कमी होतो. वेरापामिलचा डोस वाढवताना दर टप्प्यावर ईसीजी काढावा लागतो, कारण त्याने हृदयातले विद्युतसंदेश मंदावतात.

सगळ्यात जास्त गाजावाजा आहे तो सायलोसायबिनचा, म्हणजे विशिष्ट अळंब्यांतल्या भ्रमकारक रसायनाचा. २००६ मध्ये ५३ रुग्णांच्या मुलाखतींतून तो वैद्यकाच्या नजरेत आला. ती कुतूहलाची गोष्ट खरी, कारण या आजारावरचे इंजेक्शन सुमाट्रिप्टान आणि सायलोसायबिन यांच्या रेणूंचा सांगाडा एकच, ट्रिप्टामिनचा. पण २०२२ मध्ये येल विद्यापीठात १४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत अटॅक कमी झाल्याचे संख्याशास्त्राने सिद्ध होण्याइतके दिसले नाही. भारतात सायलोसायबिन आणि एलएसडी ही दोन्ही भ्रमकारक द्रव्ये १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. या आजारात काहींना दिले जाणारे लिथियम चालू असताना असे पदार्थ घेणाऱ्यांना फिट आल्याच्या नोंदी आहेत. पावसाळ्यात माळावर उगवलेली अळंबी ओळखीशिवाय खाणे तर यकृताशी खेळ आहे.

सुमाट्रिप्टानचे ६ मिलिग्रॅमचे इंजेक्शन मात्र सिद्ध झालेले आहे. ते त्वचेखाली घ्यायचे, दिवसात जास्तीत जास्त दोन, आणि हृदयविकार असेल तर अजिबात नाही. गोळीला वेळ लागतो, तोवर अटॅक संपलेला असतो. हंगामात दारूचा एक पेगही तासाभरात अटॅक आणू शकतो. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळीही तेच करू शकते, पण हृदयासाठी ती चालू असेल तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

सिलिंडरच्या गेजवर रोज झोपण्यापूर्वी नजर टाकावी. दहा लिटर पाणी मावेल एवढ्या बी-टाइपमध्ये काटा ३० बारवर आला असेल, तर आत ३०० लिटर उरले आहेत. तेवढ्यात रात्री दोनचा एक अटॅक निभावेल, पहाटे चारचा नाही. दुसरा सिलिंडर त्याच संध्याकाळी मागवलेला असावा.