नाशिकची खतं आणि गोदावरीतले शिंपले

युरिया पाण्यात पडल्या पडल्या फारसं काही मारत नाही. प्रयोगशाळेत लिटरला काही ग्रॅम युरिया घातला तरी डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, पोहत राहते. ‘खत म्हणजे काही औषध (कीटकनाशक) नव्हे’ हे कृषी सेवा केंद्रात ऐकू येणारं वाक्य तेवढ्यापुरतं खरं आहे. पण काही दिवसांत जिवाणू त्याच युरियाचा अमोनिया करतात, अमोनियाचं नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट. निफाड-दिंडोरीच्या शिवारातून ओढ्यात उतरणारं नत्र (नायट्रोजन) नदीत पोचेपर्यंत यांपैकी कोणत्या रूपात आहे, यावर शिंपले, गोगलगायी, झिंगे, खेकडे यांचं नशीब ठरतं.

या भागात पाणी आधी आलं, खताची गोणी नंतर. गोदावरी-कादवा संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा 1907 ते 1913 च्या दरम्यान बांधला गेला आणि कालव्यांखाली बागायत वाढली. देशातला पहिला सुपर फॉस्फेटचा कारखाना तमिळनाडूत राणीपेटला 1906 मध्येच उभा राहिला होता. तरी रासायनिक खत गावोगाव पोचलं ते 1951 मध्ये सिंद्री आणि साठच्या दशकात मुंबईचा ट्रॉम्बे कारखाना सुरू झाल्यावर, हरितक्रांतीच्या बियाण्यांबरोबर. 1977 पासून सरकारने खत कारखान्यांना ठरावीक परतावा देऊन विक्रीचा भाव खाली धरला. 1992 मध्ये स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशाच्या (पोटॅशियम) खतांचे भाव मोकळे केले, युरियाचे मात्र नाहीत. पिकाला काय हवं यापेक्षा स्वस्त काय आहे यावर मात्रा ठरू लागली, आणि स्वस्त होतं नत्र. माझ्या मते नदीच्या दृष्टीने 1992 चा हा निर्णय हरितक्रांतीपेक्षाही जास्त महत्त्वाचा आहे, पण त्याची चर्चा नेहमी अनुदानाच्या अंगानेच होते. 2015 मध्ये सगळ्या देशी युरियाला निंबोळी तेलाचं आवरण सक्तीचं झालं. त्याने नत्राचा ऱ्हास मंदावतो, पण गोण्या कमी टाकल्या तरच त्याचा ओढ्याला उपयोग.

द्राक्षपट्ट्याचं चित्र थोडं वेगळं आहे. तिथे 19:19:19, 0:52:34, 13:0:45 अशी (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशाच्या टक्केवारीचे) विद्राव्य खतं ठिबकमधून सुटतात, त्यामुळे वाहून जाणं कमी. मात्र ऑक्टोबर छाटणीच्या सुमाराला परतीचा पाऊस कोसळला की बेसल डोससकट, म्हणजे मुळाशी आधीच घातलेल्या खतासकट, माती ओढ्यात येते. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणातलं तांबंही येतं. ते खत नव्हे, पण गोगलगायींच्या बाबतीत खतापेक्षा कितीतरी जहाल.

आता अमोनियाकडे. पाण्यात त्याची दोन रूपं असतात: अमोनियम आयन आणि मुक्त अमोनिया. घातक ते मुख्यतः दुसरं, कारण ते कल्ल्यांतून सहज आत शिरतं. 25 अंश तापमानाला पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कतेचं माप) 7 असेल तर एकूण अमोनियात मुक्त अमोनिया अर्धा टक्का ते पाऊण टक्का. पीएच 8 ला तो पाच टक्क्यांवर जातो आणि 9 ला छत्तीसच्या आसपास. बेसाल्टवरच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीतून येणारं आपलं पाणी मुळातच अल्कधर्मी. त्यात उन्हाळ्यात साचलेल्या डोहात शेवाळ माजलं की ते दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि दुपारी पीएच आणखी चढतो. म्हणजे सकाळी बाटली भरून नेली तर जो आकडा निरुपद्रवी दिसेल, तोच दुपारी तीनला शिंपल्याच्या पिल्लाला पुरेसा ठरू शकतो.

नायट्रेटचा मामला संथ. झिंगे-खेकड्यांच्या रक्तात प्राणवायू वाहणारं हिमोसायनिन असतं. नायट्रेट शरीरात नायट्राइट होऊन ते निकामी करतं. पालाशाचीही एक बाजू आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मिलब्रूक खाणीच्या तळ्यातले उपरे झेब्रा शिंपले 2006 मध्ये मारले ते पोटॅशियम क्लोराइड ओतून, म्हणजे आपल्या म्युरेट ऑफ पोटॅशनेच. अर्थात तिथली मात्रा मुद्दाम चढवलेली होती. शेतातून नदीत तेवढं पालाश उतरत नाही.

या जिवांचा विचार कायद्यात किती उशिरा आला ते पाहण्यासारखं आहे. नायट्रेटची मर्यादा आली ती माणसाच्या बाळांमुळे: 1945 मध्ये अमेरिकेतल्या आयोवाचे डॉक्टर हंटर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्याने निळी पडणारी तान्ही मुलं नोंदवली. आपल्याकडची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे नत्र मोजलं तर सुमारे 10 मिलिग्रॅम. स्पेनच्या कामार्गो आणि सहकाऱ्यांनी 2005 च्या आढाव्यात दाखवलं की दीर्घकाळ तेवढ्याच नत्राने गोड्या पाण्यातले काही नाजूक अपृष्ठवंशीय प्राणी बाधित होतात. सर्वांत नाजूक प्रजातींसाठी त्यांनी 2 मिलिग्रॅमची शिफारस केली. पाणपिसूवर विष तपासण्याची पद्धत त्यापूर्वीच रुळली होती. 1944 मध्ये बर्टिल अँडरसन यांनी कारखान्यांच्या सांडपाण्यातली द्रव्यं तिच्यावर तपासली होती. पण पाणपिसू टणक निघाली, शिंपले नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2013 मध्ये शिंपले आणि गोगलगायींची माहिती जमेस धरली, तेव्हा दीर्घकालीन अमोनियाची मर्यादा (पीएच 7, 20 अंश) 4.5 वरून 1.9 मिलिग्रॅमवर आली.

नाशिकमध्ये सगळं खापर शेतावर फोडणं मात्र चुकीचं ठरेल. शहराच्या पट्ट्यातला अमोनिया प्रामुख्याने सांडपाण्याचा, आणि जलपर्णीला गोणीतलं नत्र व गटारातलं नत्र सारखंच. ती कुजली की प्राणवायू घटतो, मेफ्लाय या पाणकीटकाची पिल्लं आधी जातात, लाल रक्तकिडे उरतात. दोन्हींचं पाणी एकत्र होऊन नांदूर मध्यमेश्वरला साचतं. 2019 मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून नोंदलेल्या या पाणथळीची ओळख पक्ष्यांमुळे. तिथले अनेक पक्षी ज्या गाळातल्या जिवांवर पोसतात, त्यांची मोजदाद क्वचितच बातमीत येते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात वन्यजीव आणि मत्स्यव्यवसायासाठीच्या ‘ड’ वर्गाच्या पाण्यात मुक्त अमोनिया नत्राच्या हिशेबाने 1.2 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. पीएच 8 आणि 25 अंशाला त्याचा अर्थ एकूण अमोनिया सुमारे 22 मिलिग्रॅम. इतक्या पीएचला अमेरिकेची मर्यादा 1.9 हूनही खाली येते.