फुफ्फुसविकार व जीवनगुणवत्ता

दमा, सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा विकार), फायब्रोसिस (फुफ्फुसांत व्रणासारखे ऊतक साठून ती ताठर होणे), क्षय बरा झाल्यावर मागे उरलेली धाप अशा दीर्घकालीन विकारांचा रुग्णाच्या कामावर, झोपेवर व मनःस्थितीवर पडणारा भार मोजणे आणि त्यानुसार उपचार आखणे. फुफ्फुसांची झालेली हानी बहुधा भरून येत नाही. म्हणून उपचारांचे यश केवळ स्पायरोमेट्रीवरून (फुंकलेल्या श्वासाच्या मोजणीवरून) ठरत नाही. आकडे सारखेच असूनही एक जण बाजार करून येतो, दुसऱ्याला पडवी सोडवत नाही.

या मापनाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. काही जण तो १९५०च्या दशकातील फ्लेचर यांच्या ब्रिटिश धाप-श्रेणीपासून मानतात. मात्र तीत धापेपलीकडचे काही येत नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील गयाट व सहकाऱ्यांची प्रश्नावली (१९८७) धाप, थकवा, भावना व आजारावरील ताबा अशी चार अंगे तपासते. खरा आरंभ तिच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक. लंडनमधील पॉल जोन्स यांची सेंट जॉर्जेस प्रश्नावली १९९१-९२च्या सुमाराची. तिचे गुण ० ते १००. गुण जितके जास्त तितकी स्थिती वाईट, आणि ४ गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात. जोन्स यांच्याच पुढाकाराने २००९ मध्ये आलेली ‘कॅट’ (सीओपीडी असेसमेंट टेस्ट) ही चाचणी ८ प्रश्नांची (० ते ४० गुण) असून दवाखान्यात तीच सोयीची पडते.

मॅकमास्टरच्या मूळ पद्धतीत धाप लावणारी पाच कामे रुग्ण स्वतः निवडतो. कोकणात हे विशेष उपयोगी ठरावे. ‘कॅट’मधील चढाचा वा जिन्याचा प्रश्न पाखाडीच्या (डोंगरउतारावरील दगडी वाटेच्या) पायऱ्यांवर भागतो; पण विहिरीचे पाणी शेंदणे, आगोटीआधी (पावसाळा लागण्यापूर्वी) लाकडे आत घेणे, लावणीला तासन्‌तास वाकणे यांची दखल तयार प्रश्नांत नसते.

धूम्रपानाखेरीज चुलीचा धूर हेही सीओपीडीचे मोठे कारण आहे. त्यामुळे कधी विडीला हात न लावलेल्या स्त्रियांनाही तो होतो. काजूबिया भाजताना टरफलातील तेलाचा निघणारा धूरही झोंबरा असतो.

पंपाची औषधे, लसी व धूम्रपान सोडणे हे उपचार सर्वपरिचित आहेत. जीवनगुणवत्तेत सर्वांत स्पष्ट सुधारणा दिसते ती काही आठवड्यांच्या देखरेखीखालील व्यायामाने, म्हणजे फुफ्फुस-पुनर्वसनाने. रक्तातील प्राणवायू फारच कमी असल्यास दिवसाला किमान १५ तास प्राणवायू दिल्याने आयुष्य वाढते, असे १९८०-८१ मधील अमेरिकी व ब्रिटिश चाचण्यांत दिसले. जीवनगुणवत्तेवरील त्याचा परिणाम तितका निर्विवाद नाही. प्राणवायूचे घरगुती यंत्र विजेवर चालते. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या वाड्यांवर जोडीला भरलेला सिलिंडर ठेवावा लागतो.