विंडोज एक्सपी (मुदतीनंतरचा वापर)

विंडोज एक्सपी ही मायक्रोसॉफ्टची ऑपरेटिंग सिस्टीम २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिची अधिकृत मुदत संपली. त्या दिवसानंतर कंपनीकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबले. संगणक मात्र थांबले नाहीत. छापखाने, प्रयोगशाळा, छोटे कारखाने, दवाखाने, बँकांची एटीएम अशा ठिकाणी एक्सपी पुढेही वर्षानुवर्षे चालत राहिली, काही ठिकाणी अजूनही चालते. जुने संगणक हौसेने जपणारेही जगभर आहेत, पण प्रस्तुत नोंद मुख्यतः गरजेपोटी एक्सपी टिकवणाऱ्यांविषयी आहे.

एक्सपी इतकी रुजली, याला तिचा काळही कारणीभूत आहे. तिच्याआधीची घरगुती विंडोज, म्हणजे ९५, ९८ आणि मिलेनियम, डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रणालीच्या पायावर उभी होती आणि वरचेवर गोठायची. एक्सपीने कचेऱ्यांपुरता असलेला विंडोज एनटीचा भक्कम गाभा घरोघरी आणला. कागदोपत्री तिला किमान ६४ एमबी रॅम पुरत असे. प्रत्यक्षात २५६ एमबीच्या खाली ती रडतखडतच चालायची. पुढची व्हिस्टा सर्वांसाठी यायला जानेवारी २००७ उजाडला, आणि ती आली ती जड पावलांनी. मधल्या पाच वर्षांत संगणकाला जोडून चालणारे जे जे यंत्र विकले गेले, त्यातले बहुतेक एक्सपी गृहीत धरूनच बनवलेले होते.

अडचणीचे मूळ इथेच आहे. एक्सपी कोणी एक्सपीच्या प्रेमाने ठेवत नाही. तिला जोडलेले दुसरे काहीतरी हलवता येत नाही, म्हणून ती राहते. प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रोफोटोमीटर किंवा कारखान्यातले सीएनसी यंत्र यांचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षे सहज असते. त्यांना चालवणारे कार्ड मदरबोर्डच्या पीसीआय खाचेत, कधी त्याहून जुन्या आयसा खाचेत बसते. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि विंडोज यांची गाठ घालून देणारा प्रोग्राम, एक्सपीपुरता लिहिलेला असतो. व्हिस्टापासून अनेक प्रकारच्या ड्रायव्हरची घडण बदलली, ६४-बिट विंडोजमध्ये स्वाक्षरी नसलेले ड्रायव्हर अडवले जाऊ लागले आणि १६-बिट प्रोग्राम तर चालेनासेच झाले. यंत्र बनवणारी कंपनी बंद पडलेली असेल किंवा नव्या ड्रायव्हरऐवजी नवे यंत्रच घ्या म्हणत असेल, तर मालकाचा हिशेब सोपा असतो. यंत्र लाखांचे, संगणक दहा-पंधरा हजारांचा. लहानासाठी मोठे टाकून देता येत नाही.

मराठी डीटीपी आणि एक्सपी

महाराष्ट्रात एक्सपी टिकण्याचे एक खास कारण मराठी अक्षरजुळणीत, म्हणजे डीटीपीत, आहे. नव्वदच्या दशकापासून मराठी मजकूर जुळवला गेला तो पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सीडॅकचे आयएसएम, आकृती अशा पॅकेजांवर, आणि पाने लावली गेली पेजमेकर या पान-मांडणीच्या प्रोग्राममध्ये. या पॅकेजांच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: काना एका जागी, अर्धा म दुसरीकडे, रफार तिसरीकडे. फाँट असेल तर पानावर शुद्ध मराठी दिसते, नसेल तर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, एक्सपीच्याच वर्षी, २००१ मध्ये आली. तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी जागतिक पद्धत, कळत नाही आणि अडोबीने तिचा विकास तिथेच थांबवला. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जुळू लागल्या त्या २०१२ च्या सीएस६ पासून.

तोवर छापखान्यांत हजारो फायली साठल्या होत्या. लग्नपत्रिका, बिलबुके, शाळांच्या प्रगतिपुस्तकांचे नमुने, दिवाळी अंकांची पाने. लग्नसराईत गिऱ्हाईक मोठ्या मुलाची पत्रिका पुढ्यात ठेवून ‘हाच मजकूर, फक्त नाव-तारीख बदला’ म्हणते, तेव्हा ऑपरेटरला जुनी पेजमेकर फाइल उघडावीच लागते, आणि ती बिनतक्रार उघडते एक्सपीवर. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण ठरावीक ठिकाणी त्यांचा पाय घसरतो. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी टंकताना आणि साठवताना अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलट. ‘निर्मिती’सारखा शब्द या अदलाबदलीतून धड बाहेर पडेलच असे नाही, म्हणून बदललेले प्रत्येक पान पुन्हा वाचावे लागते. पुन्हा वाचण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, ही खरी मेख. शिवाय ऑपरेटरच्या बोटांत बसलेला कळफलक बदलणे हे सॉफ्टवेअर बदलण्याहून अवघड काम आहे.

गंमत म्हणजे मराठी युनिकोड एक्सपीतही होते, फक्त झाकलेले. कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण केली की संगणक एक्सपीची सीडी मागायचा, आय३८६ फोल्डरमधून फायली उचलायचा आणि रीस्टार्ट व्हायचा. त्यानंतर मंगल फाँटमधले मराठी नीट दिसे. हे न केलेल्या संगणकावर वेलांट्या भलत्या जागी आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत. ज्यांच्याकडे सीडी नव्हती, आणि ॲसेम्बल पीसी घेणाऱ्या बहुतेकांकडे ती नसायचीच, त्यांनी इंटरनेटवरचे मराठी बरीच वर्षे तसेच वाचले.

मुदतीनंतरच्या दुरुस्त्या

मुदत संपली म्हणजे दुरुस्त्या बनणेच थांबले असे नव्हे. त्या फुकट मिळणे थांबले. ब्रिटिश सरकारने २०१४ मध्ये एका वर्षाच्या खास सेवेसाठी सुमारे ५५ लाख पौंड मोजले. अमेरिकी नौदलानेही पुढच्या वर्षी असाच करार केला. दुकानांतल्या बिलिंग यंत्रांसाठी एक्सपीवरच बेतलेली पॉसरेडी २००९ नावाची आवृत्ती होती आणि तिची मुदत एप्रिल २०१९ पर्यंत होती. विंडोजच्या सेटिंग साठवणाऱ्या रजिस्ट्रीत एक छोटी नोंद केली की साधी एक्सपी स्वतःला पॉसरेडी म्हणवून तिच्या दुरुस्त्या घेऊ लागते, हे २०१४ च्या मे महिन्यातच लोकांच्या ध्यानात आले. या दुरुस्त्या साध्या एक्सपीवर तपासलेल्या नाहीत, असा इशारा मायक्रोसॉफ्टने दिला; लोकांनी तो वाचला आणि पाच वर्षे त्या घेत राहिले.

मायक्रोसॉफ्टनेही आपला शब्द काही वेळा मोडला. मुदत संपून महिनाही झाला नव्हता तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररमधल्या गंभीर भोकासाठी तिने एक्सपीला दुरुस्ती दिली. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर किडा जगभर पसरला तेव्हा पुन्हा दिली, आणि मे २०१९ मध्ये ब्लूकीप या त्रुटीसाठीही. वॉनाक्रायचे खापर त्या वेळी एक्सपीवर फुटले, ते फारसे न्याय्य नव्हते. नंतरच्या तपासात बळी पडलेली बहुतांश यंत्रे विंडोज ७ ची निघाली. तिच्यासाठीची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ती बसवलेली नव्हती एवढेच. एक्सपीवर तो किडा बहुधा धड चालतच नसे. निळा पडदा येऊन संगणक बंद पडायचा.

भारतात मोठा प्रश्न एटीएमचा होता. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना टप्पे घालून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के एटीएम चालू मुदतीच्या प्रणालीवर, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सर्व. त्याआधी, ऑगस्टपर्यंतच, बायोसला (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामला) पासवर्ड लावणे, यूएसबी पोर्ट बंद करणे, पेनड्राइव्हवरचे प्रोग्राम आपोआप चालवणारे ऑटोरन बंद करणे ही कामे उरकायची होती. म्हणजे एक्सपीची मुदत संपल्यापासून एटीएम पूर्ण बदलण्याच्या तारखेपर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ गेला. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात बदलाचा वेग हाच असतो.

डब्याची देखभाल

जुनी प्रणाली सहसा सॉफ्टवेअरमुळे मरत नाही, लोखंडामुळे, म्हणजे हार्डवेअरमुळे, मरते. सर्वांत स्वस्त भाग सर्वांत आधी जातो. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही तीन व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी संपली की संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटचे प्रमाणपत्र अवैध ठरवू लागतो. काही मदरबोर्डवर याहून वाईट घडते. बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात, हार्ड डिस्कशी बोलण्याची जुनी आयडीई पद्धत जाऊन नवी एएचसीआय येते आणि एक्सपी सुरू होता होताच निळ्या पडद्यावर ७बी हा क्रमांक दाखवून थांबते. ‘विंडोज उडाली, फॉरमॅट मारावा लागेल’ असा निदानाचा निकाल अनेकदा इथेच लागतो. खरे तर एक बॅटरी आणि बायोसमधला एक पर्याय एवढेच काम असते. फॉरमॅटमध्ये जातो तो परत न मिळणारा ड्रायव्हर.

या शतकाच्या पहिल्या दशकातल्या अनेक मदरबोर्डवर सदोष कपॅसिटर बसले होते. त्यांची डोकी फुगतात, तपकिरी द्रव पाझरतो आणि संगणक अधूनमधून कारणाशिवाय रीस्टार्ट होतो. सोल्डरिंग येणाऱ्याला ते बदलणे कठीण नाही. जुने मदरबोर्ड आणि डीडीआर रॅम मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, इतरत्र भंगाराच्या बाजारात शोधले जातात.

हार्ड डिस्क मरायची वाट न पाहता तिची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवणे ही या कामातली पहिली शिस्त. मग आयडीई डिस्कच्या जागी अडॅप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड किंवा लहान एसएसडी बसवतात. एक्सपीला एसएसडी म्हणजे काय ते माहीत नाही. रिकाम्या झालेल्या जागा एसएसडीला कळवणारी ट्रिमची आज्ञा ती पाठवत नाही, आणि तिचे पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होते, जे एसएसडीच्या ४ केबीच्या गणितात बसत नाही. म्हणून पार्टिशन आधी नव्या साधनाने २०४८ व्या सेक्टरपासून आखून घेतात आणि मग त्यात एक्सपी टाकतात. आयडीईनंतर आलेल्या साटा जोडणीच्या कंट्रोलरसाठी एक्सपी टाकताना सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीतून ड्रायव्हर द्यावा लागे. फ्लॉपी ड्राइव्ह दुर्मीळ झाल्यावर एनलाइट या प्रोग्रामने ड्रायव्हर सीडीतच मिसळायची पद्धत पडली. सर्व्हिस पॅक १ पूर्वीची मूळ सीडी १३७ जीबीपुढची डिस्क ओळखत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते.

जाळ्याबाहेर

इंटरनेटवर एक्सपी आता जवळजवळ आंधळी आहे. तिच्या स्वतःच्या सुरक्षा थरात टीएलएस या सांकेतिक संवादाच्या पद्धतीच्या १.० च्या पुढचे काही नव्हते, १.१ आणि १.२ आले ते पॉसरेडीच्या दुरुस्त्यांतून. क्रोम ४९ व्या आवृत्तीवर थांबला, फायरफॉक्स ५२ वर. मायपाल, सुपरमियम असे हौशी मंडळींनी जुळवलेले ब्राउझर बऱ्याच साइट उघडतात. विंडोज अपडेटची जुनी व्यवस्था मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये बंद केली, तिची जागा लेगसी अपडेट या बिगरसरकारी, बिगरकंपनी प्रकल्पाने घेतली. तरीही कामाच्या यंत्राबाबत जाणत्यांचा सल्ला नेटची वायर काढण्याचाच असतो, आणि तो बरोबर आहे. धोका वयातून कमी, जोडणीतून जास्त येतो.

वायर काढली तरी पेनड्राइव्ह राहतो. एक्सपीत तो लावताच ऑटोरन जागे व्हायचे. २००८ च्या अखेरीस आलेल्या कॉनफिकर किड्याने हाही रस्ता वापरला आणि मायक्रोसॉफ्टने ही सोय आपोआप बंद करणारी दुरुस्ती सर्वांपर्यंत पोचवली ती २०११ मध्ये. सायबर कॅफेतून घरी आणि घरून छापखान्यात फिरणारी ‘न्यू फोल्डर’ नावाची प्रोग्राम फाइल त्या काळातल्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. उपाय साधे आहेत: मर्यादित हक्कांचे खाते, एकच ठरलेला पेनड्राइव्ह, तोही आधी लिनक्सवर तपासलेला.

दुसरा मार्ग आभासी यंत्राचा, म्हणजे नव्या संगणकाच्या आत प्रोग्रामने उभ्या केलेल्या संगणकाचा. विंडोज ७ च्या प्रोफेशनल आवृत्तीबरोबर मायक्रोसॉफ्टनेच ‘एक्सपी मोड’ दिला होता; आता व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्राममध्ये अख्खी एक्सपी एका फाइलमध्ये राहते आणि हवी तेव्हा मागच्या स्थितीला नेता येते. पेजमेकर यात उत्तम चालतो. अडते ते लोखंडापाशी. पीसीआय कार्ड आभासी यंत्राच्या हवाली करणे सोपे नाही. प्रिंटरच्या पोर्टला लावायचे, सॉफ्टवेअरचा परवाना तपासणारे जुने डोंगलही फसते, कारण बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल फक्त प्रिंटरपुरती असते. डोंगल ज्या पत्त्यावर पोर्ट शोधते तिथे त्याला काहीच सापडत नाही. यूएसबी डोंगल असेल तर सहसा निभावते. आभासी यंत्राला एक्सपी नवा संगणक समजते आणि पुन्हा ॲक्टिव्हेशन मागते. फोनवरच्या ॲक्टिव्हेशनचे गणित २०२३ मध्ये पूर्ण उलगडले गेले, त्यामुळे ते आता कंपनीच्या सर्व्हरशी न बोलताही होते. परवाना मात्र स्वतःचा असावा लागतो, आणि ब्रँडेड संगणकाबरोबर आलेला एक्सपीचा परवाना त्याच डब्यापुरता असतो.